दोरा बांधलेलं पिपेट

मी पिपेट तोंडातून काढून टेबलावर ठेवलं आणि पुढच्या पोरीनं हात मागं घेतला. ती वकिलाची लेक. बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलची तयारी चालू होती. आम्ही एका टेबलाला चौघी, पिपेट एकच. त्या काचेच्या नळीचं टोक तोंडात धरायचं, खुणेपर्यंत द्रावण ओढायचं, बोटानं दाबून फ्लास्कमध्ये सोडायचं. माझ्या आधी दोघींनी तेच केलं होतं. त्यांचं उष्टं कुणाला लागलं नाही. माझं लागलं.

सर आले. त्यांना सांगावंही लागलं नाही. कपाटातून टोक फुटलेलं एक पिपेट काढलं, त्याला लाल दोरा बांधला आणि माझ्यापुढं सरकवलं.

"हे तुझं. आरोग्याच्या दृष्टीनं बरं असतं."

पुसेगावहून बसनं येणारी, मातंग वस्तीतली मी वर्गात एकटीच. सगळ्यांचं आरोग्य माझ्यामुळंच धोक्यात होतं. शास्त्र शिकवायचे सर. वरून कीर्तन, आतून तमाशा.

फुटक्या टोकातून द्रावण भसकन सांडायचं. माझं रीडिंग कधी जुळायचं नाही. सर म्हणायचे, हिचा हातच जड आहे. वर्ग हसायचा. एकदा मीही हसले. त्या हसण्याची अजून चीड येते.

घरी सांगितलं. आई कापूस वेचून नुकतीच आली होती.

"माय, मार्क त्यायच्या हातात हायत. दोरा ऱ्हाऊ दे. तू पास हो."

तिचं चुकलं नव्हतं. नापास झाले असते तर दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत रानात गेले असते.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. टेबलावर चांगलं पिपेट, माझ्या जागी दोऱ्याचं. मी दोऱ्याचं बेसिनमध्ये टाकलं. चांगलं उचललं, तोंडात धरलं, ओढलं. सर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "तुझं वेगळं आहे ना?"

"काहून वेगळं हाय, ते परीक्षक साहेबांना सांगा."

सगळ्यांना ऐकू गेलं. परीक्षकांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. तेवढंच.

फ्लास्कमध्ये फिका गुलाबी रंग आला आणि टिकला. पहिल्यांदा रीडिंग जुळलं. पिपेट धुऊन मी मधोमध ठेवलं. तिघी नुसत्या बघत बसल्या. वेळ सरत होता. फुटक्यानं केलं तर मार्क जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेवटी वकिलाच्या लेकीनं ते नळाखाली धरलं, ओढणीनं पुसलं, पुन्हा पुसलं आणि तोंडात घातलं.

तिला काही झालं नाही. मार्क जायची वेळ आली की बाटणं थांबतं, हे मला त्या टेबलावर कळलं.

सरांनी त्यांच्या हातातले मार्क कापलेच. जेमतेम पास झाले.

आज मी दवाखान्यात नोकरी करते. तिथंही माठाशेजारी माझ्यासाठी वेगळा ग्लास ठेवून झाला. मी सगळ्यांच्याच ग्लासानं पाणी पिते. कारण विचारत नाही, भांडतही नाही. वेगळं मांडलेलं मी घेणार नाही. ज्याला माझं उष्टं चालत नाही, त्यानं तहानलेलं राहावं.