शनिवारचं पोर्क

शहाण्णव साल असेल. सुलेखा नि शिरीष तेव्हा जपानात, ग्योतोकुला राहायचे, कंपनीच्या घरात. शिरीष माणूस चांगला, पण साहेबापुढे गेला की मानच डोलवणार. साहेब होता अमेरिकन, हॅरिस नावाचा, तिकडच्या दक्षिणेकडला. एक दिवस ऑफिसात म्हणाला, आईच्या हातच्या पुल्ड पोर्कची, त्या शिजवून धागे काढलेल्या डुकराच्या मांसाची, फार आठवण येते. झालं, हा बाबा सांगून बसला, "शनिवारी घरी या, माझी बायको करते."

"शनिवारी?" सुलेखा म्हणाली. "अहो, माझा उपास असतो. आणि जन्मात कधी डुक्कर शिजवलंय मी?"

"मटणासारखंच असेल गं. हॅरिससानना काय कळतंय आपलं शनिवार-बिनिवार."

तिने राग गिळला, कारण तिला साहेबाकडून एकच गोष्ट पाहिजे होती. मुंबईला बदली. त्यांची मुलगी कस्तुरी आठ वर्षांची. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर. आजीचा फोन आला की पोर बाथरूममध्ये जाऊन बसायची. शिरीषने कबूल केलं होतं, जेवणं झाली की बदलीचं बोलतो. तेवढ्यासाठी बाई कामाला लागली.

तिथल्या दुकानात सगळं मांस कागदासारखं पातळ कापलेलं. हिला पाहिजे खांद्याचा अख्खा तुकडा. खाटकाकडे गेली, आपला खांदा थोपटून म्हणाली, "काता, काता." म्हणजे खांदा. पण डुकराचा, हे म्हणायचंच राहिलं. त्या भल्या माणसाने तिला बसायला स्टूल दिलं, आणि त्याच्या बायकोने आतून दुखण्यावर लावायची पट्टी आणली. शेवटी कागदावर डुक्कर काढून दाखवलं, तेव्हा कुठे मांस मिळालं.

घरात ओव्हन नाही. मग जाड बुडाचं पातेलं, झाकणावर पाणी, आणि सकाळपासून मंद गॅस. आदल्या दिवशी मीठ, तिखट, काळी साखर चोळून ठेवलेलं. सकाळी व्हिनेगर घातलं. रंग काही येईना, म्हणून सोया सॉस ओतला, चांगला सढळ हाताने. उपासामुळे जिभेला तर लावता येईना. मऊ झाल्यावर दोन काटे घेऊन बसली ओढत, पिंजारी कापूस पिंजतो ना, तसं. खांदे भरून आले बिचारीचे.

"अहो, चव बघा."

शिरीषने चिमूटभर तोंडात टाकलं. "छान."

"मीठ?"

"छान आहे की." आणि गेला पाव आणायला.

हा माणूस अळणी वरणालाही छान म्हणायचा आणि करपलेल्या पोळीलाही. त्याच्या जिभेचा काय भरवसा? तिने कस्तुरीला घास भरवला. पोरीने तोंड वाकडं केलं. "शोप्पाई."

"आत्ता कसली शॉपिंग? पाहुणे यायचेत. जा, केस विंचर."

"शोप्पाई, मम्मी."

सुलेखाने डोळे वटारले, तशी गेली पाय आपटत.

साहेब आला, जेवायला बसला. पावात मांस, वर कोबीची कोशिंबीर. एक घास घेतला नि पाणी प्यायला. दुसरा घास, परत पाणी. तोंडाने "व्हेरी गुड", नि डोळे लाल. आणि शिरीष म्हणतोय, "अजून घ्या ना, लाजू नका."

"काय झालं गं साहेबाला?" सुलेखाने कस्तुरीला हळूच विचारलं.

पोर शब्द शोधत राहिली. सापडेना, तशी उठली, मिठाची बरणी आणून आईपुढे ठेवली आणि म्हणाली, "शोप्पाई."

सुलेखाला चिडावं तरी कुणावर ते कळेना. शिरीष तर हवापाण्याच्या गप्पा मारत बसलेला, बदलीचं नाव नाही. मग तीच बोलली, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

"साहेब, खारट झालंय, हे पोरगी मला दुपारपासून सांगत होती. मला तिची भाषा कळली नाही, आणि तिला माझी येत नाही. आम्हाला मुंबईला पाठवा."

साहेबाने ग्लास खाली ठेवला, शिरीषकडे बघितलं. "मी दोनदा विचारलं तुला, घरचे रमलेत का. तू म्हणालास, सगळं छान आहे."

सुलेखाने मान वळवली. "दोनदा विचारलं होतं?"

शिरीष ताटातले पावाचे कण गोळा करू लागला.

"सोमवारी अर्ज आण," साहेब म्हणाला. "मी सही करतो."

शिरीष रिकामा जग उचलून पाणी आणायला आत गेला. बराच वेळ आला नाही, आणि सुलेखानेही त्याला हाक मारली नाही.