बघून सांगतो म्हणणारी विजयची स्क्रिप्ट

विजय जाऊन आज वर्ष झालं, आणि सकाळपासून गावोगावच्या वेबसाइटवर तोच बोलतोय.

सांगलीजवळ कुपवाडला आमचं दोघांचं छोटं ऑफिस. वेबसाइट करून द्यायचो.

एकदा त्यानं नेटवरून एक तयार स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, उचलली. पुलाजवळच्या सेन्सरवरून कृष्णेची पातळी दाखवणारी. पण ती स्वतःच्याच पानावर उघडायची, तीही इंग्रजीत आणि मीटरमध्ये.

"मीटर कुणाला कळतंय रं? आपल्याकडं पाणी फुटात चढतंय."

मग बसला मोडतोड करत. आमच्या सर्व्हरवरचा आकडा कुठल्याही वेबसाइटच्या पानात जाऊन बसेल असा कोड केला. एक ओळ पेस्ट करायची, बास. ग्रामपंचायत, दूध डेअरी, शाळा, सगळ्यांनी लावली. पाणी किती फूट, चढतंय का उतरतंय.

भांडलो ते एकाच गोष्टीवरून. सेन्सर बंद पडला तर काय दाखवायचं?

मी म्हटलं, सरळ "माहिती उपलब्ध नाही" लिही.

"आपल्यात असं कोण बोलतं व्हय? दारात आलेल्या माणसाला?"

आणि त्यानं लिहिलं, "थांबा, बघून सांगतो."

मी खूप हसलो.

पण सेन्सर बंद पडला की हा खरंच बाइक काढून घाटावर जायचा. पुलाच्या खांबावरचे फूट बघायचा आणि मोबाईलवरून आकडा टाकायचा. जेवणावरून उठून गेलेला मी पाहिलाय.

मागच्या वर्षी हार्ट अटॅकनं गेला. जायचं वय नव्हतं. मला अजून त्याचा राग येतो.

त्यानंतर सेन्सर नीट चालला. आज पाणी वाढतंय आणि नेमका आजच बंद.

सकाळपासून श्रद्धांजलीची पोस्ट लिहायला बसलोय. दोन शब्द लिहितो, पान रिफ्रेश करतो. तीच ओळ, "थांबा, बघून सांगतो." ती बदलायला हात धजत नाही, आणि ठेवावी तर लोक वाट बघतायत.

हे लिहीत असतानाच त्याच्या आईचा फोन आला. सांगलीच्या खालच्या अंगाला नदीकाठी राहतात. शाळेच्या पानावर त्यांनीही ती ओळ वाचलीय.

"विज्या काय येत न्हाई आता, मला ठावं हाय. पर बघून सांगतो म्हणालाय न्हवं त्यो. म्हशी वर न्हेऊ का, एवढं तू सांग की."

न्या म्हटलं, आणि बाइकची किल्ली घेतली.

विज्या, तुझी ओळ आहे तशीच ठेवतो.

घाटावरून आल्यावर श्रद्धांजली लिहीन गड्या. आधी पाणी बघून येतो.