तिसरा घोट

हे वाचायला बसताना तुम्ही हातपाय धुऊन डोळे मिटले असतील, तर कृपया उघडा. यात हिमालय नाही, मठ नाही, दाढीवाले महाराज नाहीत. यात ब्राझील आहे, कार्निव्हल आहे, आणि माझ्या डोक्याला बांधलेली मोरपिसं आहेत. अंगात शर्ट नव्हता हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढं धक्का नको. अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावच्या मंदिरात शनिवारी येणाऱ्या काकू हे वाचणार आहेत. त्यांनी मोरपिसांपाशी मनातल्या मनात कृष्ण आणावा आणि पुढं जावं.

मी मूळचा बार्शीचा. शाळेत असल्यापासून नकला करतो. हेडमास्तर, रेशन दुकानदार, एसटीचा कंडक्टर, कुणालाच सोडलं नाही. इथं मिशिगनला गाड्यांच्या कंपनीत नोकरी लागली, तरी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझी ओळख तीच. आरतीला सगळे तल्लीन झालेले असतात आणि मी शेजारच्याच्या कानात पुढच्या काकांचा आवाज काढत असतो. पण एक गोष्ट कुणाला कधी सांगितली नव्हती. एकटा देवापुढं उभा राहिलो की मला बोलताच यायचं नाही. तोंड उघडलं की कधी आजोबांचा सूर यायचा, कधी भटजींचा, कधी टीव्हीवरच्या कुणाचा. माझा स्वतःचा असा आवाजच नाही, मग देव ऐकणार कुणाचं, असं वाटायचं. हसू यायचं आणि जरा भीतीपण वाटायची. शेवटी मी प्रसाद घ्यायचो आणि निघायचो.

हर्षद माझा रूममेट. अमरावतीचा. शांत, देवभोळा, भात मऊ करणारा. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी त्याच्या आईचा फोन स्पीकरवर असतो, त्यामुळं त्या काकू मला माझ्या आईइतक्याच पाठ झाल्यात. "काहून रे हर्षू, आवाज बारीक येऊन राह्यला, खाते का नाही काही?" फोन ठेवला की मी तेच वाक्य तसंच्या तसं म्हणायचो आणि हर्षद हसून हसून डबा भरायचा विसरायचा.

जानेवारीत काकूंची अँजिओप्लास्टी झाली. हर्षद जाऊन आला. परत आल्यावर एका सकाळी फोनवर काकू रडत होत्या. महाशिवरात्रीचा निर्जळी उपास त्या लग्नापासून करत आल्या होत्या आणि डॉक्टरांनी यंदा स्पष्ट नाही म्हटलं होतं. गोळ्या पाण्याबरोबर, वेळेवर, पोटात अन्न असताना. काकूंचं म्हणणं, महादेवानंच वाचवलं आणि आता त्याच्याच दिवशी मी भात खाऊन बसू का. हर्षदनं हातातला डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, "आई, तू जेव. गोळ्या घे. तुझा उपास मी करतो. तुझ्या नावानं, तुझ्यासारखाच, पाण्याशिवाय."

तिकडनं नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग, "मोडशील नाही ना?"

"नाही मोडत."

आता यात आमची चूक ऐका. ब्राझीलची तिकिटं आम्ही दिवाळीतच काढली होती. आम्ही म्हणजे हर्षद, मी आणि सायली. सायली पुण्याची, आमच्याच ऑफिसात, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि सगळ्या ट्रिपा तीच ठरवते. तिनं हवामान पाहिलं, हॉटेल पाहिलं, चोऱ्या कुठं होतात ते पाहिलं. पण तिघांपैकी एकानंही दिनदर्शिका पाहिली नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी ऑफिस पार्टी आली तर बोंब मारणारी आम्ही माणसं, आणि महाशिवरात्र बरोब्बर कार्निव्हलच्या रविवारी येतीय हे आम्हाला विमानतळावर कळलं.

"यार हर्षद, तू हॉटेलवर थांब त्या दिवशी," सायली म्हणाली. "एसीत बस. जप कर."

"आई काही एसीत बसून करत नव्हती," हर्षद म्हणाला. "आणि तुमचा दिवस कशाला खराब करू?"

साल्व्हादोर हे ब्राझीलचं समुद्रकाठचं शहर. नोव्हायला दारात गुडघाभर बर्फ टाकून आम्ही तिथं उतरलो तर भर उन्हाळा. समुद्राच्या कडेनं रस्ता, रस्त्यावर घराएवढे स्पीकर लावलेले ट्रक, ट्रकवर गाणारे, आणि मागं नाचणारी माणसं, जिथवर नजर जाईल तिथवर. गुलाल सोडला तर आपली विसर्जनाची मिरवणूकच. मी पिसं लावून नाचत होतो, ट्रकवरच्या गायकाची नक्कल करत होतो, अनोळखी लोक टाळ्या देत होते. हर्षद टोपी घालून कडेकडेनं चालत होता. ओठ कोरडे, पण चेहरा हसरा. मधे मधे मी विचारायचो, ठीक ना? तो अंगठा दाखवायचा. दुपार चढली तशी मी विचारायचं विसरलो.

सायलीनं माझा दंड धरून ओढलं तेव्हा हर्षद एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलेला होता. बसलेला म्हणजे भिंतीला टेकवून ठेवल्यासारखा. अंग तापलेलं आणि घाम अजिबात नाही. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली तर त्यानं दात आवळून धरले. डोळे मिटलेलेच, पण मान हलवत होता, नाही, नाही. सायली फोनवर मदत मागत होती. अर्धं इंग्रजी, अर्धं फोनमधल्या भाषांतराचं पोर्तुगीज. अॅम्ब्युलन्स येते म्हणाले, पण तो ट्रक आणि ती गर्दी हलल्याशिवाय येणार कुठून.

"हा पाणी घेत नाहीये यार," सायली मला म्हणाली. "तू काहीतरी कर."

मी त्याला शिव्या दिल्या, हात जोडले, नाक दाबून पाणी ओतायला गेलो तर सगळं गळ्यावर सांडलं. तो अर्धवट शुद्धीत पुटपुटला, "आईला काही होईल." बस, एवढंच. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की हा घोट आत गेला की तिकडं आईचं काहीतरी होणार. आणि इकडं त्याचं काय होतंय ते मला दिसत होतं. नखं निळसर झाली होती.

तेवढ्यात शेजारी शहाळी विकायला बसलेली एक बाई उठली. वयस्कर, पांढरा लेसचा झगा, डोक्याला पांढरं फडकं, गळ्यात मण्यांच्या माळा. तिनं आपली मोठी छत्री उपसली आणि हर्षदवर आणून धरली. नाचणाऱ्या पोरांना एका हातानं असं मागं सारलं की आमच्या बार्शीचा हवालदारही सारणार नाही. शहाळं फोडलं, थोडं पाणी हातावर घेऊन हर्षदच्या टाळूवर थापलं, काहीतरी पुटपुटली आणि ते शहाळं माझ्या हातात दिलं. मग माझ्याकडं बघत राहिली. आता तू, अशी.

मी ठरवून काही केलं नाही, हे खरंच सांगतो. एरवी नक्कल करताना मी आधी आत तयारी करतो. घसा बसवतो, त्या माणसाची मान कशी हलते ते आठवतो. त्या वेळी यातलं काही नव्हतं. मी हर्षदच्या कानाशी वाकलो आणि तोंडातून काकू बोलायला लागल्या.

"हर्षू. आ कर बेटा. माझा उपास आहे ना हा, मग मीच सांगून राह्यली. झाला. पावला तो. आ कर. एक घोट महादेवाचा."

त्याचे ओठ उघडले. शहाळ्याचं पाणी आत गेलं. गळ्याची घाटी हलली.

"एक घोट माझा."

दुसरा गेला. मग तो पीतच राहिला, डोळे न उघडता, लहान पोरानं बाटली ओढावी तसा. बाईनं दुसरं शहाळं फोडलं. पुढं ट्रक सरकला, लाल कपड्यातली माणसं स्ट्रेचर घेऊन आली, आम्ही जवळच्या मदतकेंद्रात गेलो, हाताला सलाईन लागलं. तिथल्या डॉक्टरनं फोनवर भाषांतर करून दाखवलं: आधी पाणी पोटात गेलं हे फार चांगलं झालं.

इथं तुम्हाला वाटेल की ती बाई नंतर कुणालाच दिसली नाही. तसं काही नाही. दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी त्याच छत्रीखाली बसली होती. मी पाया पडायला वाकलो तर तिला वाटलं माझं काहीतरी पडलंय, तीही शोधायला लागली.

खरी गोष्ट मदतकेंद्रात घडली. हर्षदला तरतरी आली आणि तो एकटक माझ्याकडं बघायला लागला.

"तुला ते कोणी सांगितलं?"

"काय?"

"महादेवाचा घोट, माझा घोट. मला लहानपणी कावीळ झाली होती. पोटात पाणी टिकत नव्हतं. आई असं म्हणून पाजायची. मी कोणालाच नाही सांगितलं कधी."

"फोनवर ऐकलं असेल."

"फोनवर काहून म्हणेल ती?"

मी आठवून पाहिलं. आजही पाहतो. मी नकलाकार माणूस, ऐकलेलंच बोलतो, न ऐकलेलं एक अक्षर मला येत नाही. ते वाक्य मी कुठं ऐकलं ते मला माहीत नाही. याच्यापुढं मी काही म्हणत नाही.

पण तेव्हा त्यावर विचार करायला वेळच नव्हता, कारण हर्षद रडायला लागला. उपास मोडला, आईला फोन लाव. सायलीनं लावला. रिंग गेली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. अमरावतीत तेव्हा मध्यरात्र होती, पण जागरणाची रात्र, काकू झोपलेल्या असणं शक्यच नव्हतं. तिसऱ्यांदाही नुसती रिंग. हर्षदनं भिंतीकडं तोंड केलं. सायली माझ्याकडं बघेना.

मी बाहेर आलो. समोर समुद्र, ढोल चालूच. डोक्यावरची पिसं काढून हातात धरली. मला वाटत होतं, मी एकाला वाचवायला दुसऱ्या माणसाचा आवाज चोरला आणि आता त्याची भरपाई होतीय. महादेवा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि आजोबांचा सूर आला नाही, भटजींचा आला नाही. कुणाचाच आला नाही. घोगरा, फाटका, बार्शीचा एक आवाज आला, जो मी पहिल्यांदाच ऐकला. "मला काही कळत नाही. तू बघ." एवढंच म्हणालो. मागणंसुद्धा नीट जमलं नाही. पण म्हटल्यावर खांदे खाली आले. आतापर्यंत मी सगळ्यांना हसवायचं, सांभाळायचं, वेळ मारून न्यायचं काम अंगावर घेतल्यासारखा फिरत होतो. ते काम माझं नव्हतंच बहुतेक. दुपारी जे तोंडातून आलं तेही माझं नव्हतं. मी फक्त मधे आलो नव्हतो.

थोड्या वेळानं आतून सायलीची हाक आली. काकूंचा फोन. "काय झालं रे, इतके फोन? देवळात होती मी. देवळात कोणी फोन नेते का?" हर्षद म्हणाला, काही नाही, तुझी आठवण आली. त्या जेवल्या होत्या, गोळ्या घेतल्या होत्या, पूजेत पुढं बसायला जागा मिळाली म्हणून खुशीत होत्या.

नोव्हायला परत आल्यावर हर्षदला राहवेना. शनिवारी सकाळी त्यानं व्हिडिओ लावून आईला सगळं सांगितलं, माझ्या नकलेसकट. मी ओट्यापाशी उभा होतो, पळायला जागा नव्हती.

"त्याले समोर आण," काकू म्हणाल्या.

मी समोर गेलो. "काकू, सॉरी."

"माझा आवाज काढते म्हणे तू. करून दाखव."

"काकू, नको ना."

"दाखव म्हणते ना."

मी तेच दाखवलं. आ कर बेटा. एक घोट महादेवाचा, एक घोट माझा. काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत, पण त्यांनी पदर काढला तेव्हा डोळे वटारलेले होते.

"अन् तिसरा?"

"तिसरा कोणता?"

"अर्धवट पोट्टा. दोन याले पाजले की तिसरा पाजणाऱ्यानं प्यायचा असते. मी प्याली की मग यानं समजायचं, आता आई घाबरली नाही. तू प्याला का त्या दिवशी?"

मी आठवलं. त्या दुपारी, त्या उन्हात, शहाळं माझ्याच हातात असून, मी एक थेंब घेतला नव्हता.

"नाही."

"दुसऱ्याच्या पोराले वाचवते अन् स्वतः तहानलेला फिरते. तुझ्या आईनं पाह्यलं असतं तर काय वाटलं असतं तिले? मोठा आला नकला करणारा. भर पेला. माझ्यासमोर पी."

मी नळ सोडला, पेला भरला, तोंडाला लावला.

"बस आधी," फोनमधून ओरडल्या. "उभ्यानं पाणी पिऊन राह्यला गधा."