‘सिरियस’ची तार

सिरियस हा शब्द मी इंग्रजी शिकायच्या कितीतरी आधी शिकले. आमचं गाव विट्याच्या अलीकडचं, आणि गावात घरटी एकजण तरी मिलिटरीत. ज्या बायकांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, त्यांनाही सिरियस म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. ‘अमक्याची सासू सिरियस हाय’ असं कुणी म्हणालं की बाया हातातलं काम टाकून निघायच्या. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तरी ‘सिरियस झालं’ म्हणायचे आणि म्हशीनं चारा सोडला तरी तेच.

आबा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे हा शब्द गावात आला तो लढाईच्या काळात, सरकारी तारांमधून. पोरगा जखमी होऊन दवाखान्यात पडला की पलटण घरी तार करायची आणि त्या तारेत हा शब्द असायचा. तार वाचून दाखवणारा मास्तर तिथं आला की थांबायचा, आणि ऐकणाऱ्यांना पुढचं आपोआप कळायचं. म्हणजे तेव्हा शब्द पलटणीकडून घराकडे यायचा. पुढं त्यानं दिशाच बदलली. रजा मिळेना तेव्हा कुणातरी शहाण्यानं उलटी तार ठोकली, ‘मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली’, आणि पोरगा चार दिवसांत हजर. झालं, गावाला किल्लीच सापडली. उसाची लावण असो, बहिणीचं लगीन असो, पोरगी बघायला जायचं असो, सिरियस करायचं. होय, आमच्याकडे सिरियस ‘करत’ असत. ‘यंदा जत्रंला सिरियस करायचं का?’ असं चावडीवर उघड बोलायचे.

आमच्या घरात आई तीनदा सिरियस झाली. थोरल्या बहिणीच्या लग्नाला एकदा, विहिरीच्या कामाला एकदा आणि दादासाठी पोरगी बघायची होती तेव्हा एकदा. दादा म्हणजे माझा भाऊ, तो तेव्हा आसामच्या बाजूला होता. शेवटची तार मीच लिहिली, कारण तोवर मी सांगलीला कॉलेजात जाऊन घरातली इंग्रजीवाली झाले होते. मी लिहीत होते आणि आई शेजारी बसून त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वळत होती. म्हणाली, “मी आजारी पडल्याबिगार ह्या घरात एक काम धड हुईत न्हाई.” सगळे हसलो. दादा आला तो उंबऱ्यातूनच ओरडला, “कुठाय आमची सिरियस?” आणि आईनं त्याच्या तोंडात लाडू कोंबला.

विश्रामबागच्या आमच्या कॉलेजात मी एकदा हा शब्द डिक्शनरीत काढून पाहिला होता. वजनदार, गंभीर, थट्टेवारी न्यायचा नव्हे असा, असे अर्थ होते. मूळ लॅटिन. मला तर वाचून हसूच फुटलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आईला कावीळ झाली. गावात झाडपाला झाला, विट्याला सुया झाल्या, आणि अंगावर सूज चढली तेव्हा आबांनी तिला सांगलीच्या दवाखान्यात आणलं. मी हॉस्टेलवरून धावत गेले. आई खाटेवर होती. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं. मधूनच तिला चांगली शुद्ध यायची, मधूनच ती भलतंच बोलायची. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेतलं आणि म्हणाले, “पेशंट सिरियस आहे. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या.”

 आबा म्हणाले, “म्हंजे किती सिरियस, साहेब?”

डॉक्टरांना वाटलं असेल, म्हातारा खुळा आहे. मला मात्र आबा काय विचारताहेत ते कळलं. ज्या शब्दानं आमच्या घरात लग्न लागलं, विहीर झाली, तोच शब्द डॉक्टर वापरत होते. आबांना दुसरा शब्द हवा होता. डॉक्टर म्हणाले, “आठ-पंधरा दिवस. जास्तीचं मी सांगू शकत नाही.”

थोरली बहीण बाळंतीण, तिला सासरहून हलवता येत नव्हतं; राहिला दादा. मी त्याच दुपारी तारऑफिसात जाऊन त्याला तार केली. मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. उत्तरासाठी हॉस्टेलचा पत्ता दिला. लिहिताना मलाच ते खोटं वाटत होतं. काही जास्त घालावं म्हणून ‘व्हेरी’ घातलं. आई शुद्धीवर आली की एकच विचारायची, “आला का?” आणि मी म्हणायची, “निघाला असंल.” मग उत्तराची तार आली. रजा मंजूर नाही.

आबा त्या कागदाकडे असे बघत होते की मला भीती वाटली. पलटणीवर त्यांनी उभ्या जन्मात राग काढला नव्हता, तो आता काढताही येईना. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ते साताऱ्याला गेले. तिथं त्यांच्याबरोबरचे एक सुभेदार राहत. पेन्शनच्या, रजेच्या भानगडी निस्तरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दिवस कलायच्या सुमाराला आबा परत आले आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. पाणी दिलं ते हातातच राहिलं.

“सुभेदार म्हनला, आता सिरियसला कोन इच्यारत न्हाई. साहेबाच्या टेबलावर रोज ढीगभर सिरियस पडत्यात. आपल्याच मुलखातनं.”

“मग?”

“मेल्याची तार गेली तरच सोडत्यात. त्येला सवाल न्हाई.” मग म्हणाले, “म्या सांगितलं त्येला, जित्या मानसाचं मरान माझ्या हातनं लिवून हुनार न्हाई. तुझ्याबी हातनं न्हाई.”

मी चिडले. आबांवर, सुभेदारांवर, त्या साहेबावर, सगळ्या गावावर चिडले. लग्नं काय दादावाचून लागली नसती? विहिरीला दुसरा गडी नव्हता? खऱ्या प्रसंगाला वापरायच्या शब्दाची आम्ही चिल्लर करून उडवली होती आणि आता आईच्या वेळेला खिशात काही नव्हतं. मी हे मोठ्यानं बोलले. बोलता बोलता मला रडू आलं.

वॉर्डाचं दार उघडंच होतं. आतून आईची हाक आली. ती शुद्धीवर होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

“पोरी, हिकडं ये. लिव. मी मेली म्हनून लिव.”

“आई, काहीतरी बोलू नकोस.”

“मी चांगली बोलतीया. तीनदा आजारी पडले न्हवं तुमच्यासाठी? आता एकदा मरते. त्येला बोलीव.”

आबा दारात येऊन उभे होते. आईनं त्यांच्याकडं बघितलं. “आवं, तिला जाऊ द्या. तुमी मधी पडू नका.” आबा बाजूला झाले.

मी तारऑफिसात गेले ती चालत की पळत, मला आठवत नाही. फॉर्मवर ‘मदर’ लिहिलं आणि थांबले. ज्या बाईनं आत्ता माझ्याशी बोलून मला इथं पाठवलं, तिला मी एका शब्दात मारणार होते. मनात एकच येत होतं: हे लिहिलं आणि परत जाईपर्यंत खरंच झालं तर? लिहिलं तरी ती जाणार, न लिहिलं तरी जाणार, पण लिहिलं नाही तर त्याला न बघता जाणार. मी ‘एक्स्पायर्ड’ लिहिलं.

तारमास्तरांनी फॉर्म वाचला, चष्मा वर केला. “वाईट झालं. कधी गेल्या?”

“आज सकाळी,” मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

मी परत वॉर्डात आले. आई जागी होती. “लिवलंस?”

“व्हय.”

“काय लिवलंस त्ये म्हनून दाव. इंग्रजीतच म्हन.”

मी म्हणून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं. “त्यो मधला शबुद, त्येचा अर्थ मेली?”

“व्हय.”

“बरं हाय. आता येतुया.”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आईचा श्वास अडकला की मी खाटेची कड धरायची. ती झोपली की आबा वाकून तिच्या पोटाची हालचाल बघायचे आणि मग माझ्याकडे बघून मान हलवायचे. आम्ही दोघं एकमेकांशी बोलतच नव्हतो. बोललो असतो तर एकच बोललो असतो, की आपण हे ओढवून घेतलं का. आईची शुद्ध आता कमी कमी होत होती. शुद्धीत आली की ‘आला का’ एवढं विचारण्याचं मात्र ती चुकत नव्हती.

एका दुपारी मी तिच्या तोंडात पाण्याचे थेंब सोडत होते, आणि दारात दादा उभा राहिला. मिलिटरीचा कोट, डोक्याला लोकरीची टोपी, कानापर्यंत ओढलेली. तो आधी गावी गेला होता. घराला कुलूप बघून त्यानं बाहेरच्या ओट्यावर बैठक मारली आणि हंबरडा फोडला. शेजारची म्हातारी धावत आली आणि म्हणाली, “आरं, रडतूस कशाला? तुजी आय सांगलीत दवाखान्यात हाय की.” तिथून तो आला होता. मला वाटलं, आता चिडेल, मला फाडून खाईल. तो सरळ आईकडे गेला आणि तिचे पाय धरून उभा राहिला.

आईनं डोळे उघडले. बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कुठल्याच चेहऱ्यावर पाहिलं नाही. “आलास,” म्हणाली. मग म्हणाली, “टोपी काढ की. घाम आलाय बघ.”

“असू दे. थंडी वाजतीया मला.”

“ह्या उनाचं? काढ.”

दादा मागं सरकला. त्याची मान टोपीखालून उघडी दिसत होती, आणि माझ्या लक्षात आलं. आबांच्याही आलं असावं, कारण त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आईनं हात वर केला. एवढीशीही ताकद नव्हती त्या हातात, पण दादाला तो ढकलवेना. तो खाली वाकला आणि तिनंच टोपी ओढली. डोकं तुळतुळीत होतं. तार मिळाल्या दिवशीच पलटणीच्या पंडितजींनी त्याच्याकडून आईचं सगळं करवून घेतलं होतं.

मी तोंडात पदर कोंबला. आई त्या डोक्यावरून हात फिरवत होती. पुन्हा पुन्हा.

“माज्यासाठी काढलास?”

दादानं मान डोलावली.

“जावळ काढलं तवा असाच दिसत व्हतास. लय रडला व्हतास.” आणि ती हसली. खरंच हसली. म्हणाली, “खुळ्या, जित्या आयसाठी कुनी काढतं का रं?”

मग ती आठवडाभर होती. दादाच्या हातानं पाणी प्याली, त्याच्या हातानं तांदळाची पेज खाल्ली. शेवटी सकाळच्या वेळी त्याच्या मांडीवर गेली.

कृष्णेच्या घाटावर न्हावी वस्तरा घेऊन आला आणि दादाच्या डोक्याकडे बघून थबकला. केस नुकते कुठं वर येत होते, खरबरीत, बोटालाही धरवणार नाहीत असे. “ह्येचं काय काढू?” त्यानं आबांना विचारलं. दादा म्हणाला, “फिरव तू.” वस्तरा फिरत होता आणि दादा नदीकडे बघत होता. हळू आवाजात म्हणाला, “पयली तार आली तवा मी हसलो व्हतो. लंगरात जेवताना सगळ्यास्नी दावली. म्हनलं, आमची आय पुन्ना सिरियस.” मी त्याचा हात धरला. 

रजा संपत आली होती आणि आईचे दिवस व्हायचे होते. चार दिवस वाढवून मागायला हवे होते. मी, दादा आणि आबा तारऑफिसात गेलो. मी फॉर्म घेतला, पेन उघडलं आणि काही सुचेना. आई गेली असं लिहावं, तर ते मी आधीच लिहून बसले होते. पलटणीच्या दृष्टीनं आमची आई केव्हाच मेली होती, तिचं सगळं तिथं यथासांग झालं होतं. ती खरोखर गेली ते कळवायला माझ्याकडे एक शब्द उरला नव्हता. गावातल्या गावात इंग्रजीवाली म्हणून मिरवणारी मी, कोरा फॉर्म धरून उभी होते.

दादा म्हणाला, “न्हाई तर मी जातो परत. तुमी करा दिवस.”

आबा बाकावर बसले होते. आईला पोचवून आल्यापासून त्यांनी भाकरीला हात लावला नव्हता आणि आमच्याशी धड चार वाक्यं बोलले नव्हते. ते उठले, माझ्या खांद्यावरून फॉर्मवर बघितलं.

“माझ्या नावानं लिव,” म्हणाले.

आई असती तर तिनं ते लिहू दिलं नसतं. मी आबांच्या तोंडाकडे पाहिलं, गाल बसलेले, नजर कुठंच नसलेली, आणि लिहिलं, फादर सिरियस. तारमास्तरांनी वाचलं, काचेतून, परत बाकावर जाऊन बसलेल्या आबांकडे एकदा नजर टाकली आणि काहीही न विचारता शिक्का मारला.