काकासाहेबांची हाळी

शेवगावकडच्या काकासाहेबांच्या डाळिंबाच्या बागेत एकदा चोर शिरले. हे आडवे गेले, तर खांद्यावर कोयता बसला. तेव्हापासून घरात परवान्याची बंदूक आली आणि माणूस ताकही फुंकून प्यायला लागला. परवाना देताना पोलिस ठाण्याच्या साहेबांनी बजावलं होतं, "आधी आवाज द्यायचा. सरळ बार काढलात तर तुम्हीच आत जाल."

काकासाहेबांनी हे नेमासारखं पाळलं. रोज दिवेलागणीला बांधावर उभं राहायचं आणि बागेत चिटपाखरू नसलं तरी ओरडायचं, "कोन हाय? भाईर ये, न्हायतर बार काढीन!"

त्यांची बायको लंकाबाई वैतागायची. "झाडास्नी दम देताय व्हय?"

"आसू दे. कुनी आसलाच तर पळंल."

वस्तीवरची माणसं हसायची. हसायला काय जातं? ज्याच्या खांद्याला टाके पडलेत त्याला विचारा.

गेल्या मार्गशीर्षात, अंधारून येताना, झाडांच्या ओळीतून खरंच कुणीतरी आत आलं. हातात पातं चमकलं. काकासाहेबांनी हाळी दिली. माणूस थांबला नाही. पुन्हा दिली, तरी तो वाकून पुढंच येत होता. तिसऱ्यांदा आवाज चिरकला आणि बार उडाला.

शेजारीच होता तो, श्रीमंत नावाचा. घास कापता कापता शेळी सुटली, म्हणून विळ्यासकट तिच्यामागं आलेला. दवाखान्यात पोलिसांना म्हणाला, "आवाज दिल्ता त्यानं. म्या ऐकला. रोजचंच हाय म्हनून आलो पुढं." पहाटे गेला.

त्या जबाबावर काकासाहेबांना जामीन मिळाला. वकील खूश झाला. काकासाहेबांना जामिनाचं काही नव्हतं. श्रीमंतच्या घरातल्या एकानं तरी 'तुमची चूक न्हाई' म्हणावं, एवढीच आस लागली होती. शेवटी मन घट्ट करून ते त्याच्या दारात गेले. श्रीमंतची बायको पुष्पावती उंबऱ्यात बसली होती. तिनं शिव्या घातल्या असत्या तरी सोसल्या असत्या.

"वहिनी, म्या आवाज दिल्ता वो."

"ठावं हाय, भाऊजी," ती खाली बघतच म्हणाली. "आमी रोज ऐकायचो. तुमचा आवाज आला की ह्ये म्हनायचे, काकासाहेब जागा हाय, आता कडी लावली न्हाई तरी चालंल."