ताकद आल्यावर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेले लोक माझा हात धरून म्हणत होते — बरं केलंस, किमो देऊन म्हाताऱ्याचे हाल केले नाहीस. मी मान खाली घालून ऐकून घेत होतो. तिथून सुरुवात करतो, कारण तिथून सांगणं सोपं आहे.

बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर होता. त्याआधी आई गेली, तीही कॅन्सरनंच, किमो चालू असताना. तिच्या तोंडातले फोड, उलट्यांची बादली, ते सगळं मीच केलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. तुम्ही ते कारण समजाल, म्हणून आधीच सांगतो.

बाबांचे रिपोर्ट आले तेव्हा ते बाहेर बाकावर बसले होते. आत डॉक्टर मला म्हणाले, या वयात किमो झेपेल की नाही सांगता येत नाही. झेपली तर वर्षभर मिळेल, कदाचित जास्त. नाही झेपली तर उरलेले बरे दिवसही अंथरुणात जातील. दोन्ही बाजू त्यांना सांगा — त्यांनाच ठरवू द्या.

मी बाहेर आलो.

"काय म्हणते गा डॉक्टर?"

बाबा बाकावरून अर्धे उठले होते. त्यांना जगायचं होतं, दिसत होतं ते. आणि मला काय दिसलं? ती बादली.

"अंगात ताकद आल्यावर किमो देऊ म्हणतात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून बाबा सकाळी बुद्धविहाराभोवती चकरा मारू लागले. शेजारचे मेश्रामकाका गेटातून ओरडायचे, "काहून गा, पोलीस भरतीत जातं का?"

"हो, पहिले तुलेच आत टाकतो!" बाबा धापा टाकत म्हणायचे.

भूक नसताना उकडलेली अंडी खायचे, बकऱ्याच्या पायांचा रस्सा डोळे मिटून संपवायचे. मग माझ्यापुढे दंड धरायचे. "पाह्य बरं. आता विचार ना डॉक्टरले."

विचारलं — मी म्हणायचो. अजून थोडं थांबा म्हणतात.

डॉक्टरांकडे औषध आणायला मी एकटाच जायचो. बाबा किमोला तयार नाहीत, असं त्यांनाही सांगून टाकलं होतं.

त्रास वाचवत होतो म्हणे. कुणाचा? ते सगळं पुन्हा करायचं नव्हतं — मला. बाबांनी कदाचित स्वतःच नको म्हटलं असतं. कदाचित. पण मी विचारलं कुठे?

चकरा कमी झाल्या. मग दारापर्यंत. मग पलंगापासून संडासापर्यंत, माझ्या खांद्याला धरून.

शेवटच्या दिवसांत एकदा उशी सारखी करताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू तं खूप केलं गा," ते म्हणाले. "माझ्याच अंगात ताकद नाही आली."

मी मान हलवली. हो म्हणून.