नाईक देवरावचा घोटा

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो. गाव बोरगाव, तहसील सौंसर. लोक विचारतात, किती जणांच्या गोळ्या काढल्या? एकाचीही नाही. बावीस वर्षं मी पाय पाहिले.

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग उत्तरेकडे, बर्फातल्या एका पोस्टवर होती. माणसं चौतीस. डॉक्टर खाली बेसवर, वर मी एकटा. रोज दुपारी चारला फूट इन्स्पेक्शन. जोडे काढा, मोजे काढा, बोटं हलवा. ओले मोजे बदला. मोज्यांवर मोजे चढवू नका, बूट आवळतो, रक्त फिरत नाही. नखं सरळ कापा, कोपरे कोरले की नख मांसात घुसतं. फोड आला तर फोडू नका, मला दाखवा. हे मी रोज सांगायचो आणि रोज कोणीतरी बधिर झालेला पाय स्टोव्हजवळ धरून बसलेला सापडायचा. बधिर पायाला चटका कळत नाही, कातडी भाजते. सांगून सांगून मी वैतागलो होतो. रायफल साफ करा असं कोणाला म्हणावं लागत नव्हतं. पाय दाखवायला मात्र सगळ्यांना लाज.

त्यात नाईक देवराव सगळ्यांच्या वरचा. हा सावरगावचा, म्हणजे माझ्याच इलाक्यातला. पेट्रोल लीडर, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा म्होरक्या, म्हणून कंपनीत त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. सुट्टीत गावी त्याचा उजवा घोटा मुरगळला. घरच्यांनी गरम तेलानं तीन दिवस रगडून मालिश केली. ताज्या मुरगळीला मालिश म्हणजे सूज वाढवणं. थंड पाण्याची पट्टी, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, काही दिवस आराम, मग हळूहळू व्यायाम. एवढंच लागतं. त्यानं यातलं काहीच केलं नाही आणि परत आल्यावर मला सांगितलंही नाही.

पेट्रोलच्या आदल्या दिवशी इन्स्पेक्शनमध्ये मला तो घोटा थोडा भरलेला दिसला. मी विचारलं. तो म्हणाला, "बूट चावून राहिला, दुसरं काही नाही." हाडावर अंगठा दाबून बघायचा, एका पायावर उभं करायचं, हा नियम. मी दाबलं नाही. गावचा माणूस, खोटं कशाला बोलेल, असं वाटलं. त्याच्या नावापुढे मी 'फिट' लिहिलं.

सकाळी साडेनऊला सहा जणांची पेट्रोल निघाली. अकरा चाळीसला रेडिओ वाजला.

"एक कॅज्युअल्टी. घोटा. ओव्हर."

"चालू शकतो का? ओव्हर."

"नेगेटिव्ह. ओव्हर."

मी स्ट्रेचर पार्टी घेऊन निघालो. दुपारी सव्वा वाजता पोहोचलो. देवराव दगडाला टेकून बसला होता. सपाट जागेवर पाय आतल्या बाजूला वळला होता. कच्चा राहिलेला घोटा असाच दगा देतो. बूट काढला असता तर सुजेमुळे परत चढला नसता आणि बोटं गोठली असती, म्हणून मी बुटावरूनच आधाराची स्प्लिंट बांधली. बांधता बांधता त्याला चार शब्द सुनावले.

स्ट्रेचरच्या मागच्या डाव्या दांड्याला लान्स नाईक विलास होता. पांढुर्ण्याचा, वय सव्वीस. पोस्टवर माझं इन्स्पेक्शन मनापासून करून घेणारा तोच एक. चार वाजले की न बोलावता मोजे काढून बसायचा.

तीन वीसला आम्ही बर्फाचा उतार आडवा पार करत होतो. तिथे दोर बांधलेला होता. एका खुंटीजवळ कमरेचा हुक काढून पुढच्या दोरात अडकवायचा असतो. विलासनं हुक काढला आणि त्याच्या पायाखालचा बर्फ तुटला. त्याचा एक हात दांड्यावर होता. त्यानं धरून ठेवलं असतं तर स्ट्रेचरही त्याच्याबरोबर गेलं असतं. त्यानं हात सोडला. हे मी तीन हातांवरून पाहिलं. घसरला नाही, सोडला.

तो दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बर्फाखाली सापडला. देह घेऊन बेसवर मीच उतरलो.

चौकशीत मी खरं सांगितलं. घोटा पाहिला होता, दाबला नाही. माझ्या नोंदीत तसं लिहिलं गेलं. ते बरोबर आहे.

देवराव माझ्याआधी फौज सोडून घरी आला. सावरगावहून जाम नदीचा पूल ओलांडला की पांढुर्णा. विलासचं घर पायी वीस मिनिटांवर. दोन वर्षं तो पूल ओलांडून गेला नाही. कामाला लांबच्या रस्त्यानं फिरून जायचा, तेही त्या घोट्यावर. मी रिटायर होऊन आलो आणि त्याच्याकडे गेलो, तर घोट्याला अजून पट्टा नाही, व्यायाम नाही. मी चिडलो. म्हणालो, पाय असाच ठेवून तू कोणाचं देणं फेडतो आहेस? दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला घेऊन पूल ओलांडला.

विलासची आई संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जाते. त्या दिवशी घरीच होती. तिनं पाणी दिलं. देवराव उभाच राहिला.

"माय, माझा पाय आधीच बिघडला होता. मी लपवलं. म्हणून विलासले यावं लागलं."

तिची नजर त्याच्या पायाकडे गेली.

"आताही दुखते काय?"

"हो, माय."

"मंग बस नं खाली. उभा काहून हायेस?"

तो बसला. तिनं उशी आणून त्याच्या पायाखाली दिली. मग मला म्हणाली, "विलासले तुम्हीच आणलं नं खाली? त्याचे पाय कसे होते?"

मी सांगितलं, चांगले होते. मोजे कोरडे होते. नखं सरळ कापलेली होती.